काट्यावर आठजणी

आमच्या लाँड्रीत वजनकाटा एकच, आणि तो मैल्या कपड्यांचा. इस्पितळाच्या वॉर्डांतून चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे डगले भरून ट्रॉल्या येतात. त्या जमिनीत बसवलेल्या लोखंडी पत्र्यावर ढकलायच्या, भिंतीवर लाल आकडा उजळला की तो फळ्यावर लिहायचा आणि ट्रॉली पुढे यंत्राकडे लावायची. सुटी झाली की पत्रा पुसून त्याच काट्यावर आम्ही आठजणी एकदम उभ्या राहतो. अकरा वर्षं हे चालू आहे, आणि बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी आमच्याकडे बघतो, मग पत्र्याकडे.

आम्ही रस्सीखेच खेळतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला मध्ये बोललेलं चालत नाही. ओल्या चादरी यंत्रातून बाहेर येतात त्या एकीला दुसरीनं, दुसरीला तिसरीनं मिठी मारून. त्या सोडवायला जे मनगट लागतं ते दिवसातून चारशे वेळा वापरलं की दोर म्हणजे काय मोठी गोष्ट. हौशी स्पर्धांमध्ये आमच्या गटाला पाचशे चाळीस किलोंची मर्यादा आहे, म्हणजे आठजणींची बेरीज त्याच्या आत हवी. स्पर्धेच्या ठिकाणी एकेकीला चढवून वजन करतात. लाँड्रीत मात्र आम्ही एकदम चढतो. त्यामुळे कोण किती भरते ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते तसंच राहावं याबद्दल आमचं एकमत आहे. आमच्यात दुसऱ्या कशावरही एकमत नाही.

मी इस्त्रीखात्याची मुकादम आणि संघाची कप्तान. माझा आवाज यंत्रांच्या वर ऐकू जातो, एवढ्यावरच मला कप्तान केलं असं काहीजणी म्हणतात. म्हणोत. दोरीवर माझी जागा सातवी. आठवी जागा माझ्या थोरल्या जावेची. आमचे नवरे सख्खे भाऊ, घर एक, नोकरी एक, आणि दोरही एकच. आठवी जी असते ती दोर काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर घेते, टाचा रोवते, आणि बाकीच्या सातजणी डगमगल्या तरी ती हलत नाही. सगळे फोटो तिचे निघतात. खरं सांगते, अकरा वर्षं मला ती जागा हवी होती. मी ते कधी तोंडानं बोलले नाही, पण जाऊबाईंना सर्दी झाली की मी जरा जास्तच चौकशी करायची.

यंदा जाऊबाईंना अठ्ठावन्न पुरी होणार होती. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांनी त्या निवृत्त, आणि संघ फक्त नोकरीत असलेल्यांचा. म्हणजे ही त्यांची शेवटची स्पर्धा. त्या तसं बोलून दाखवत नव्हत्या, पण बुटांना नवे बंद आणले होते ते मी पाहिलं होतं.

आता आमच्या मामंजींबद्दल सांगायला हवं. माझे सासरे चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या उमेदीत गोळ्या मोठ्या बरणीतून यायच्या आणि कागदाच्या पुडीतून जायच्या. पाकिटाच्या चकचकीत पत्र्यांवर त्यांचा राग. घरात गोळ्यांचं पाकीट आलं की ते खिडकीशी बसून एकेक गोळी बाहेर ढकलतात, काचेच्या बाटलीत भरतात, पत्रा आणि खोकं कचऱ्यात. बाटलीवर औषधाचं नाव नसतं, दुखण्याचं असतं. ‘डोके’. ‘पोट, वरचे’. ‘पोट, खालचे’. ‘थोरली, सकाळ’. रोज सकाळी चहाच्या आधी ते प्रत्येकाच्या तळहातावर ज्याची त्याची गोळी ठेवतात आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. तीस वर्षांत एक चूक नाही. आम्ही सुना नवीन होतो तेव्हा हसायचो, पुढे सवय झाली, आणि मग आम्ही हातावर काय पडतंय ते बघायचंही सोडून दिलं.

स्पर्धेला दोन महिने असताना रस्सीखेच संघटनेकडून फॉर्म आले. यंदापासून उत्तेजकांची चाचणी होणार, प्रत्येकीनं आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा लिहायची. चहाच्या खोलीत मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळ्या पोट धरून हसल्या. आमच्याकडे उत्तेजक म्हणजे दुपारचा दुसरा चहा. आम्हाला कोण तपासतंय, ज्यांचे फोटो पेपरात येतात त्यांना तपासतील, असं मी म्हटलं आणि आठही फॉर्म पुढ्यात ओढले. जाऊबाई म्हणाल्या की त्यांची सकाळची एक गोळी असते, रक्तदाबाची. मी विचारलं, नाव काय तिचं? त्यांनी खांदे उडवले. मी म्हटलं, दाबाची गोळी काय औषधात धरायची, ती तर अर्धी लाँड्री घेते. आणि आठही फॉर्मवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निरंक’. जाऊबाईंनी न वाचता सही केली.

तेव्हा आमची खरी काळजी वजनाची होती. लाल आकडा पाचशे बेचाळीसवर येऊन बसला होता आणि हलायला तयार नव्हता. मी साखर सोडली. दुसऱ्या नंबरवाली जिने चढायला लागली. तिसरीनं बिस्किटं सोडली असं ती सांगायची आणि तिच्या खिशात चुरा सापडायचा. काही उपयोग नाही. आणि मग एका आठवड्यात आकडा आपोआप घसरला. एक्केचाळीस, चाळीस, आणि शुक्रवारी पाचशे एकोणचाळीस. काट्यावर आम्ही एकमेकींच्या पाठी थोपटल्या. प्रत्येकीला मनातून खात्री होती की हे आपल्यामुळेच. मला तर इतकी खात्री होती की मी त्या दिवशी चहात दोन चमचे साखर घातली.

मग उत्तेजकांबद्दलच्या माहितीवर्गाचं निघालं. प्रत्येक संघातल्या एकीनं तरी दोन तास बसायचं, अशी संघटनेची अट. मी गेले ती पाय मोकळे करायला. इस्पितळाच्याच औषधभांडारातली फार्मासिस्ट बोलणार होती. बारीक चणीची, जाड चष्म्याची, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं आपल्यालाच बोलतेय. तिनं टेबलावर घरोघरी सापडणारी औषधं मांडली होती. सर्दीच्या काही गोळ्या स्पर्धेच्या दिवशी चालत नाहीत. ताकदीच्या भुकटीच्या डब्यात डब्यावर लिहिलेलं नसतं तेही असू शकतं. शेजारणीनं तिला गुण आला म्हणून दिलेली गोळी तर हातातही धरू नका. आणि चाचणीत काही सापडलं की जबाबदारी तुमची. कुणी दिलं, का दिलं, तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे सगळं नंतर. मी मागे बसून शेजारच्या बाईच्या कानात विनोद करत होते.

मग तिनं एक गोळी उचलली आणि म्हणाली, ही लघवी वाढवणारी. दाबाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ही मिसळलेली असते आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. ही बाराही महिने बंद. कारण हिनं अंगातलं पाणी जातं, आठवड्यात दोनतीन किलो उतरतात, आणि दुसरं काही घेतलं असेल तर तेही झाकलं जातं. वजनगट असलेल्या खेळांनी तर कान उघडे ठेवून ऐका, असं ती म्हणाली आणि नेमकं माझ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, चष्म्यामुळे तसं वाटलं असेल.

माझा विनोद अर्ध्यात राहिला. तीन आठवड्यांपूर्वी जाऊबाई डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. दाब आटोक्यात येत नाही म्हणून गोळी बदलली होती. हल्ली सराव चालू असताना त्या दोनदोनदा आत जाऊन यायच्या आणि मी ओरडायचे. बोटातली अंगठी सैल झाली म्हणून त्यांनी तिला दोरा गुंडाळला होता. माझी साखर, दुसरीचे जिने, तिसरीची बिस्किटं, सगळं झूट. तो आकडा जाऊबाईंच्या अंगातल्या पाण्यानं उतरला होता.

वर्ग संपल्यावर मी फार्मासिस्टकडे गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की डॉक्टरांनीच दिलेली असेल तर?

“तर आधी कळवायचं,” ती म्हणाली. “डॉक्टरांना सांगायचं मी खेळते, दुसरी गोळी चालेल का बघा. चालत नसेल तर कागदपत्रं लावून परवानगी मागायची. आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. मेडल मिळेल पण डोक्यातली नस फुटेल. कोण आहे?”

मी म्हटलं, कुणी नाही, असंच.

आता मी स्वतःला काही फार वाईट बाई समजत नाही. पण त्या संध्याकाळी काट्यावर पाचशे एकोणचाळीस पाहिलं आणि मी गप्प बसले. मनात म्हटलं, चाचणी कुणा एकीची होते, चिठ्ठी टाकून. जाऊबाईंचीच चिठ्ठी कशाला निघेल? दुसरा विचारही आला, तोही सांगून टाकते. त्यांचीच निघाली आणि त्या बाद झाल्या, तर आठवी जागा कुणाची? हा विचार मी लगेच झटकला. पण आला होता, हे खरं. पुढचा सबंध दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते, आणि तिसरीनं विचारलंसुद्धा की साखर पुन्हा सोडली का.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. मामंजी बाटली घेऊन आले आणि जाऊबाईंच्या हातावर गोळी ठेवली. जाऊबाई माझ्याशी बोलत होत्या, यंत्राच्या कुठल्याशा पट्ट्याबद्दल. बोलता बोलता त्यांनी गोळी तोंडात टाकली, बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो फॉर्म आला. तशीच सही केली होती त्यांनी, न वाचता, माझ्याकडे बघत. मामंजींच्या हातून चूक होणार नाही आणि माझ्या हातून दगा होणार नाही, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा गाळणीबाहेर गेला.

“जाऊबाई,” मी म्हटलं, “तुमच्या गोळीत काय आहे ते तुम्हाला माहितेय का?”

“दाबाची आहे.”

“आत काय आहे?”

उत्तर मामंजींनी दिलं. एका दमात, न अडखळता, दोन औषधांची नावं, दोन मात्रा. दुसरं नाव म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, साडेबारा मिलिग्रॅम. ते नाव मला आज नीट म्हणता येतं, पण त्यासाठी मला आठवडा लागलाय. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. घरातल्या साऱ्या बाटल्यांमधलं सारं काही त्या म्हाताऱ्या डोक्यात मिलिग्रॅमसकट होतं.

“मग बाटलीवर का लिहीत नाही तुम्ही?”

“कुणी विचारलंच नाही कधी,” मामंजी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वर्गातलं, गोळीचं, निरंकचं. परवाच कळलं होतं आणि दोन दिवस गप्प बसले, हेही सांगितलं. कशामुळे गप्प बसले त्यातला अर्धा भाग सांगितला, आठव्या जागेचा अर्धा तेवढा गिळला. जाऊबाईंनी बोटातल्या अंगठीवरचा दोरा उलगडला आणि परत गुंडाळला. मामंजींचा चेहरा मात्र पडला. चाळीस वर्षं ज्या हातानं औषध दिलं त्याच हातानं सुनेला बंदी असलेलं दिलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मी परोपरीनं सांगितलं की गोळी डॉक्टरांची, तुम्ही फक्त बाटलीत भरली. ते उठले, कोट घातला आणि म्हणाले, “चला त्या चष्मेवालीकडे.”

औषधभांडाराच्या खिडकीशी मामंजी आणि फार्मासिस्ट यांची जी जुंपली ती बघायला मी पैसे देऊन तिकीट काढलं असतं. तिनं आधी विचारलं, पाकीट कुठाय. मामंजी म्हणाले, पाकीट कशाला हवं, विचारा काय विचारायचं ते. तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. तिनं आणखी विचारलं, त्यांनी आणखी सांगितलं. शेवटी तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली की आजोबा, तुम्हाला सगळं पाठ आहे हे मान्य, पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर या घरात कोण कुठली गोळी खाईल? मामंजींना निरुत्तर झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. पाणी काढणारी गेली आणि तिच्या जागी दुसरी, चालणारी आली. रोज दाब मोजायचा आणि काही वाटलं तर लगेच यायचं, असं बजावलं. जुनं औषध अंगातून जायला दीड आठवडा धरा, असं फार्मासिस्टनं सांगितलं. आमच्या हातात अजून साडेतीन आठवडे होते. मी संघटनेला पत्र लिहिलं की आमच्या आठ नंबरच्या खेळाडूचा फॉर्म मी चुकीचा भरला, तिनं नव्हे. जुन्या गोळीचं नाव, मात्रा, बंद केल्याची तारीख आणि नव्या गोळीचं नाव, सगळं लिहिलं. मी, जिनं लाँड्रीत कुणाची माफी मागितलेली कुणाला आठवत नाही. शुद्धलेखन मामंजींनी तपासलं.

मग व्हायचं ते झालं. पाणी परत आलं. एकोणचाळीसचे एक्केचाळीस झाले, आणि आपण जिंकलोच या आनंदात बाकीच्यांनी जे खाऊन घेतलं होतं तेही काट्यावर उभं राहिलं. स्पर्धेला सहा दिवस उरले असताना लाल आकडा होता पाचशे साडेत्रेचाळीस. साडेतीन किलो जास्त. तिसरी म्हणाली, दोन दिवस पाण्याशिवाय राहू. मी तिला अशी झापली की इस्त्रीखात्यातल्या दोघी चौकशीला आल्या. पाणी काढायचं नाही म्हणून तर एवढं रामायण झालं.

काट्यावरून कुणी उतरेना. सगळ्यांना उपाय माहीत होता. आमची राखीव खेळाडू म्हणजे घड्या घालणारी काडी. चाळिशीची आहे, दोन मुलांची आई आहे, पण वाऱ्यावर उडेल अशी. सगळ्यात जड कोण ते कुणी विचारत नसलं तरी दिसतं. जाऊबाईंच्या जागी काडी आली की प्रश्न मिटला.

“मी थांबते,” जाऊबाईच म्हणाल्या. “गोळी माझी, वजन माझं. आठवर हिला घ्या, सातवर काडीला. हिला जमेल.”

हिला म्हणजे मला. अकरा वर्षं जी जागा हवी होती ती त्यांनी मला अशी देऊन टाकली, जणू डब्यातली उरलेली पोळी देतायत. आणि मला ती नको झाली. मी बघत होते त्यांच्या बुटांकडे. नवे बंद घातले होते, पांढरेशुभ्र.

“कप्तान कोण आहे?” मी विचारलं.

मला तो प्रश्न विचारायची सवय आहे हे त्यांना माहीत होतं.

“मग मी सांगते ते ऐका. आठवर आठवीच राहील. काडी चारवर येईल, चार, पाच आणि सहा एकेक मागे सरकतील. मी उतरते. माझं वजन एकाहत्तर आहे.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जागा सोडली म्हणून नाही, आकडा सांगितला म्हणून. मग दुसऱ्या नंबरवाली हळूच म्हणाली की तिला वाटलं होतं पंच्याहत्तर तरी असेल. मी काट्यावरून उतरले, काडी चढली, आणि आकडा पाचशे तीसवर जाऊन थांबला. दहा किलो हाताशी राहिले. तिसरीनं खिशातून उघडपणे बिस्किट काढलं.

स्पर्धेच्या दिवशी मी दोरीच्या बाजूनं धावत ओरडत होते. दोर धरला नसल्यानं सगळी ताकद गळ्यात आली होती. उपांत्य फेरी आम्ही सरळ दोन ओढींत जिंकलो. अंतिम फेरीत समोर बंदरावरच्या बायका होत्या, पाचशे चाळीसला अर्धा किलो कमी, आणि एकेकीचा हात माझ्या मांडीएवढा. पहिली ओढ त्यांनी घेतली. दुसरी आमची. तिसरीत दोन्ही बाजू इतका वेळ जागच्या जागी थरथरत राहिल्या की पंचसुद्धा श्वास धरून वाकला होता. जाऊबाई जवळजवळ आडव्या झाल्या होत्या, टाचा मातीत, डोळे मिटलेले, दोर पाठीवर. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होते आणि काय ओरडत होते ते मला आठवत नाही. काडी म्हणते की मी नुसतं ‘जाऊबाई, जाऊबाई’ म्हणत होते.

आम्ही हरलो. जिंकलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण या गोष्टीत मी आधीच एकदा खोटं लिहून ठेवलंय, पुन्हा नको. पायाएवढ्या अंतरानं हरलो. दुसरा नंबर, रुपेरी मेडल. जाऊबाई मातीतच बसून राहिल्या आणि हसायला लागल्या, मग बाकीच्या हसायला लागल्या. मी रडत होते, पण तेवढं चालतं.

चिठ्ठी टाकली आणि नाव निघालं आठ नंबरचं. जाऊबाई शांतपणे उठल्या, कपडे झटकले आणि विचारलं, सोबत कुणी चालतं का? चालतं, असं चाचणीवाली बाई म्हणाली. म्हणून मी गेले.

छोटीशी खोली, एक टेबल, सीलबंद बाटल्या आणि पाण्याचे ग्लास. नमुना द्यायचा तो बाईंच्या देखत, आणि जाऊबाईंना होईना. तीन आठवडे ज्यांना मी सरावातून दोनदोनदा जाते म्हणून बोलले होते, त्यांना आज थेंब येईना. चार ग्लास पाणी झालं. मी नळ सोडून बघितला. मी गोष्टी सांगितल्या. चाचणीवाली बाई म्हणाली की सावकाश होऊ दे, तिला याची सवय आहे. पाऊण तासानं एकदाचं झालं आणि मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या बाईनं मला बाहेर काढायची धमकी दिली.

मग कागद. मागच्या दिवसांत घेतलेली औषधं? जाऊबाईंनी नव्या गोळीचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली. जुन्या गोळीचं नाव सांगितलं, हायड्रोक्लोरोथायझाइडसकट, एकदाही न अडखळता, आणि बंद केल्याची तारीख. मग पिशवीतून काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यावर मामंजींच्या हातची नवी चिठ्ठी होती. वर ‘थोरली, सकाळ’ तसंच होतं. त्याखाली औषधाचं पूर्ण नाव, मात्रा, डॉक्टरांचं नाव, तारीख. आणि पाकिटाचा पत्रा कापून, गुंडाळून, बाटलीतच घातलेला. चाचणीवाली बाई बराच वेळ ती बाटली फिरवून बघत राहिली. असं अक्षर तिनं पाहिलं नव्हतं म्हणे.

या वेळी जाऊबाईंनी अख्खा कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून. तोवर ताटकळणं ही माझीच शिक्षा होती. वाचून झाल्यावर त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. सोबत आलेल्या व्यक्तीची सही, आणि त्यापुढे एक चौकट. खेळाडूशी नातं.

मी पेन उचललं आणि ‘जाऊ’ लिहायला घेतलं. जाऊबाईंनी माझा हात धरला. दोरानं सोललेला तळवा होता, गरम.

“ते घरी,” त्या म्हणाल्या. “इथे लिही, सात नंबर.”

“मी आज खेळले कुठे?”

“माझ्या पुढे अकरा वर्षं कोण होतं?” त्या म्हणाल्या. “लिही.”

चाचणीवाल्या बाईनं काही हरकत घेतली नाही. मी लिहिलं, आणि या खेपेला सगळ्यात सुवाच्य अक्षरात.